जोडवी निघेनात तेव्हा

ठाण्याहून दिंडी निघाली तेव्हा नवे बूट घालून मी सगळ्यांत पुढे. कळवा नाका, विटावा, दिघा, मग ऐरोली, रबाळे, तुर्भे. शेजारून कंटेनर धडधडत चाललेले आणि त्यांच्यावर ताण करणारे आमचे टाळ. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत पोचायचं होतं, त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा. नाक्यानाक्यावर कुणी ना कुणी चहा-फरसाण घेऊन उभं. माउलीचा प्रसाद म्हणून मी सगळं खात गेले. पाणी मात्र घोटभरच प्यायले. बायकांनी रस्त्यात जायचं कुठे?

बेलापूरला मुक्कामी मोजे उतरवले तर रबराची खाच पोटरीभोवती कोरलेली. नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला आणि तसाच राहिला. जोडवी तर मांसात रुतून बसलेली.

मी गरम पाणी आणि मूठभर मीठ शोधायला निघाले, तर कोपरखैरण्याच्या मावशींनी हात धरून खाली बसवलं. "अगं, ऊन पाण्यानं आणखी फुगतील. पाय वर टाक आधी."

उताणं झोपवून पायांखाली दोन वळकट्या सारल्या, पाय छातीच्या वर. घोटे वरखाली हलवायला लावले, शिलाई मशीन चालवावी तसे. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी वर ढकलायचं काम पोटरीचं, ती हलली पाहिजे. वर गार पाण्यात पिळलेला पंचा. मग खोबरेल घेऊन बोटांकडून गुडघ्याकडे हलका हात. अर्ध्या तासाने त्यांनी जोडवं चिमटीत धरून फिरवलं आणि ते सुळकन निघालं. मिठाचं पाणी राहिलंच.

पलीकडे एका काकांचा फक्त डावा पाय सुजलेला. "माझ्याही पायाला तेल लावा," ते म्हणाले. मावशींनी पोटरीला हात लावून पाहिला. गरम, लालसर, दाबलं की कळ. तेलाची वाटी त्यांनी बाजूला ठेवली. "ह्याला चोळायचं नाही. रिक्षा बोलवा." शिरेत गुठळी निघाली. काका तिथूनच मागे फिरले. दम लागायच्या आत दवाखान्यात पोचले, एवढं बरं.

दुसऱ्या दिवशी बुटांच्या नाड्या सैल बांधल्या. खारघरला लोणच्याची फोड पानात पडली, ती शेजारणीला दिली. बाटली रिकामी करत गेले आणि आडोशाची लाज सोडली. कीर्तनाला मांडी न घालता भिंतीला टेकून पाय पसरले. वीणेकरी बुवांसमोर असं बसायला संकोच वाटत होता, पण त्यांनी एकदा पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. पनवेलच्या मुक्कामी खळगा पडेनासा झाला.

जोडवी पाकिटात होती, ती आळंदीत इंद्रायणीवर पाय धुतल्यावरच पुन्हा चढवली. तोवर रोज रात्री सासूबाईंचा फोन यायचा, सगळं विचारायच्या. जोडव्यांचं मी काही बोलले नाही.