बंबाची लाकडं

इंदूरला थंडी पडली की आमच्याकडे अजून पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटतो. परवा टालीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, बाभूळ म्हणून आणलेल्या लाकडांत निम्मी सलई निघाली. फार वाईट वाटलं. सलईची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. ताजी ढलपी काढून नाकाशी धरा, धुपाचा वास येतो. भुर्रकन जळते, निखारा काही टिकत नाही. बाभळीची साल काळपट, उभ्या खोल भेगांची, गाभा तांबूस, आणि ओंडका उचलताच वजन कळतं. कडुलिंबाचा गाभाही तांबूसच, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. सालीचा तुकडा जिभेला लावा, कडू लागला की समजा. आजी प्रत्येक ओंडका आधी फोडायला लावायची. उद्या टालीवर कुऱ्हाड घेऊनच जाणार आहे.