पैसे देऊन सफरचंदं तोडायला आम्ही का जातो

मॅसेच्युसेट्समधल्या स्टो गावाजवळ आम्ही दर वर्षी ज्या बागेत ॲपल पिकिंगला जातो, तिथले नियम यंदा बदललेत. शनिवार-रविवारी यायचं तर आधी ऑनलाइन वेळ घ्यायची. पिशवी दारातच विकत घ्यायची, तिच्याशिवाय कोणालाही आत सोडणार नाहीत. घरचा डबा आत न्यायचा नाही. हा शेवटचा नियम मला फार लागला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि झाडाखाली अंथरलेली चादर, एवढ्यासाठी तर आमचे अर्धे लोक येतात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतात, मधुमेह असतो, वेळेवर खावं लागतं. बागेत मिळणारे सायडर डोनट, म्हणजे सफरचंदाच्या रसाचे गोड डोनट, कितीही ताजे असले तरी ते आईच्या दुपारच्या जेवणाऐवजी चालत नाहीत.

हे सगळं मी रत्नागिरीला मामाला फोनवर सांगत होते. त्याला डब्याचं काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, "काय गो, तोडणी तू करायचीस आणि पैसेही तूच द्यायचे? मी इथे तोडणीची मजुरी देऊन कंटाळलोय." मामाची हापूसची बाग आहे, त्यामुळे त्याचं बोलणं नुसतं हसून सोडून देता येत नाही. अर्ध्या बुशेलची, म्हणजे साधारण नऊ किलोंची पिशवी दुकानातल्या भावापेक्षा महाग पडते, हे खरंच आहे. तरी मी जाते आणि जाणार. का, ते नीट लिहावंसं वाटलं.

पहिलं कारण मकाऊन, सफरचंदाचा एक वाण. हनीक्रिस्प आता बाराही महिने कुठेही मिळतं. मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये आणलेला हा वाण इतका खपला की दुकानांनी त्याला वेगळाच भाव लावला. मकाऊनचं तसं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात मॅकिंटॉश या जुन्या वाणापासून तयार केलेला हा वाण 1932 पासून बाजारात आहे. पण देठ आखूड असल्यामुळे फळ पिकलं की झाडावरून सुटून पडतं, आणि शीतगृहातही ते फार टिकत नाही. म्हणून मोठे व्यापारी त्याच्या वाटेला जात नाहीत. गडद लाल साल, आत पांढराशुभ्र गर, गोडीच्या मागे किंचित आंबटपणा. ते खायचं तर झाडापाशीच जावं लागतं, आणि तेही सप्टेंबर सरता सरता.

इथे येणारे बहुतेक लोक पानांचे रंग बघून बेत आखतात, म्हणजे ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारची जोडसुट्टी धरून. तेव्हा झाडी खरंच पेटल्यासारखी दिसते, पण गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, मॅकिंटॉश केव्हाच संपलेलं असतं आणि मकाऊनही बहुतेक खाली पडलेलं असतं. मुत्सू आणि गोल्डन डिलिशस हे वाण मात्र तेव्हा चांगले मिळतात. आपल्या लोकांची अडचण वेगळी. सप्टेंबरात मंडळाचा गणपती, पाठोपाठ नवरात्र, त्यामुळे मोकळा रविवार सापडतच नाही. मग सगळे त्या जोडसुट्टीलाच येतात आणि 'गर्दी फार होती' म्हणत परत जातात.

आता मला सर्वात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. फळ ओढून तोडण्याचा. बागवाले दारातच दाखवतात: फळ तळहातात घ्या, वर उचला, हलकेच फिरवा, तयार असेल तर देठासकट हातात येतं. ओढलं की देठाशेजारचा डोळाही तुटतो. पुढच्या वसंतात जिथे फूल यायचं तो हा डोळा, आधीच्याच उन्हाळ्यात तयार झालेला. म्हणजे माणूस पुढच्या वर्षीचं फळ तोडून जमिनीवर टाकतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. वरचं एक लाल फळ हवं म्हणून फांदी गदागदा हलवतात आणि खाली दहा पडतात. पडलेलं उचलायचं नाही, कारण बागेत हरणं फिरतात आणि त्यांच्या लेंड्यांतून रोगजंतू येतात. एक घास खाऊन फेकलेली सफरचंदं तर प्रत्येक ओळीत असतात. हे फक्त आपलेच लोक करतात असं कोणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. मी सगळ्या वर्णांची माणसं फांद्या ओढताना पाहिली आहेत. पण आपल्याकडचं मूल घास घेऊन फळ फेकतं तेव्हा मी त्याच्या आईला बोलते, आणि ती रागावली तरी बोलते.

मामाला हे लगेच पटलं. हापूसही देठासकटच काढावा लागतो, नाहीतर चीक सांडून सालीवर डाग पडतो आणि वाशीच्या बाजारात पेटीचा भाव उतरतो. मी म्हटलं, मग तूही बाग उघड की लोकांना! दलाल नको, गाडीभाडं नको, पैसे हातात. तो म्हणाला, "उंच कलमांवर झेला घेऊन तुझी ती मुंबईची माणसं चढणार होय? आणि काढला की खायचा कसा? अढीत नको घालायला?" खरं आहे. इथली झाडं एम-9सारख्या बुटक्या खुंटांवर कलम केलेली असतात, लहान मुलाचाही हात पोचतो आणि फळ तिथल्या तिथे खाता येतं. हे जमतं ते झाडामुळे. इथली माणसं जास्त हुशार आहेत म्हणून नव्हे, हे मी इथल्या मित्रांनाही सांगते.

आणि इथेही सगळं हौशी पाहुणे तोडत नाहीत. विक्रीचा माल तोडायला न्यू इंग्लंडच्या बागांत अनेक वर्षांपासून जमैकाचे कामगार एच-2ए या हंगामी शेतमजुरांच्या व्हिसावर येतात, हंगाम संपला की घरी जातात. मामाच्या बागेत नेपाळी गडी असतात. आम्हीही व्हिसावरच आहोत, पण आमची मुलं रात्री आमच्याजवळ झोपतात. त्या लोकांना बागेच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर पाहिलं की मला पिशवीच्या किमतीबद्दल कुरकुरावंसं वाटत नाही.

शिवाय 17-18 मे 2023 ची रात्र मला विसरता येत नाही. मे महिन्यात पारा गोठणबिंदूखाली गेला आणि न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी बागांची नुकती धरलेली फळं एका रात्रीत गेली. मोहोरावर अवकाळी पाऊस पडल्यावर मामाचा आवाज जसा होतो, तसाच त्या शरदात आमच्या बागवाल्या आजोबांचा होता. त्यांच्याकडे फळ थोडंच होतं, तरी लोकांना ते बोलावत होते. अशा बागेला मी पूर्ण भाव देते आणि घासाघीस करत नाही.

डब्याचा नियम मात्र मला अजूनही पटलेला नाही. तसं मी त्यांना लिहून कळवलं आहे: शनिवार-रविवारी गर्दी असते, मान्य, पण मधल्या वारी ज्येष्ठांना डबा आणू द्या. उत्तर आलं की मंगळवार ते गुरुवार बाहेरच्या गवतावर बसून खाल्लं तर चालेल. म्हणून आईबाबांना घेऊन सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी जायचं ठरवलं आहे, रजा टाकली आहे. मकाऊनची ओळ उघडली आहे का, हे त्या सकाळी फोन करून विचारायचं आणि मगच दशम्या लाटायला घ्यायच्या.