मऊ पडलेलं अडेनियम वाचवताना: आषाढ ते रंगपंचमी

पावसाळा लागला की आठवड्यातून एकदा अडेनियमचा गड्डा, म्हणजे खोडाचा फुगलेला बुंधा, अंगठ्याने दाबून बघावा. चारही बाजूंनी, आणि मातीच्या अगदी कडेपाशी. निरोगी गड्डा कच्च्या बटाट्यासारखा टणक लागतो. माझ्या दहा इंची कुंडीतल्या झाडाचा गड्डा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका अंगाने पिकलेल्या पेरूसारखा दबला, आणि वर त्याच वेळी सहा फुलं उमललेली होती. हे झाड असंच फसवतं. गड्ड्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यामुळे खालची मुळं संपली तरी पंधरा दिवस वरचं गोकुळ हसत राहतं. पानं पिवळी पडायला लागतात तेव्हा निम्मा गड्डा गेलेला असतो.

मऊपणाचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट. तहानलेला गड्डा सगळीकडून सारखा आक्रसतो, सालीवर बारीक सुरकुत्या येतात, दाबला तर रबरी चेंडूसारखा परत येतो. अशा झाडाला दोनदा पाणी दिलं की तीन-चार दिवसांत ते भरतं. सडलेला गड्डा एकाच जागी मऊ होतो, तिथली साल काळपट आणि चमकदार दिसते, जोरात दाबलं तर पाणी सुटतं, आंबूस वास येतो. शंका असेल तर पाणी देऊ नये, झाड कुंडीतून उपटून बघावं. उपटल्याने अडेनियमचं काही बिघडत नाही. सडत्या झाडाला दिलेलं एक तांब्या पाणी मात्र महागात पडतं.

मूळ कारण बहुतेक वेळा मातीत असतं. हे झाड सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. अडेनियम हे नाव एडनवरून आलं. फोर्स्कॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते येमेनमध्ये पाहिलं आणि कण्हेरीच्या जातीत बसवून त्याला ‘नेरियम ओबेसम’, म्हणजे लठ्ठ कण्हेर, असं नाव दिलं. तो १७६३ मध्ये तिथेच वारला, नाव छापलं गेलं १७७५ मध्ये. अशा झाडाला मुळाशी हवा लागते. इंदूरला नर्सरीतून येणारं रोप मात्र आपल्या काळ्या मातीत आणि शेणखतात घट्ट बसवलेलं असतं. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची म्हण गव्हाला आणि सोयाबीनला ठीक, या झाडाला नाही. काळी माती भिजली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं, हवा दमट असते, पानांतून पाणी उडत नाही, म्हणून मुळं पाणी ओढत नाहीत. तीच माती आठ-दहा दिवस ओली राहते आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. भुसभुशीत, खडीदार मिश्रणात दोन दिवस पाऊस पडला तरी गड्ड्याला काही होत नाही, हे शेजारच्या कुंड्यांवरून दिसतंच.

आणखी दोन साधी कारणं: कुंडीखालची थाळी, आणि गच्चीच्या फरशीला चिकटून बंद झालेलं भोक. थाळी काढून टाकावी आणि कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवावी.

कापाकापीला बसण्याआधी चिकाबद्दल. हे झाड कण्हेरीच्याच कुळातलं आहे आणि त्याच्या चिकात हृदयाची लय बिघडवणारी ग्लायकोसाइडं असतात. आफ्रिकेत हाच चीक बाणांना लावायचे. हाताला लागला तर साबणाने धुवावा. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली डोळा बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे जावं. पोटात गेला तर उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके चुकायला लागतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठावं. मी रबरी हातमोजे आणि चष्मा घालते. स्वयंपाकघरातली सुरी यासाठी कधीच घेत नाही, वेगळा कटर ठेवला आहे. छाटलेल्या फांद्या कोपऱ्यावर टाकायच्या नाहीत, गाय-शेळी तोंड लावते. पिशवीत बांधून कचरागाडीतच द्यायच्या.

आता काम. झाड उपटून सगळी माती नळाच्या धारेखाली धुऊन काढायची. चांगली मुळं फिकट आणि कडक असतात. सडलेल्या मुळाची साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. ती सगळी मुळापासून काढायची. मग गड्डा. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसायचं, नाहीतर तेच पातं सड वरच्या चकतीत नेऊन सोडतं. आधी तपकिरी, मग बदामी, मग स्वच्छ पांढरा गर लागतो. पांढरा दिसला म्हणून थांबायचं नाही. त्यात दोऱ्याएवढी एखादी तपकिरी रेष वर जाताना दिसली तर तिच्या मागे जायचं. बहुतेक झाडं इथेच मरतात, कारण कापणाऱ्याला दया येते. माझ्या झाडाचा एक तृतीयांश गड्डा गेला. शेवटचा काप उतरता ठेवायचा, खळगा राहू द्यायचा नाही, त्यात पुढे पाणी साचतं.

मुळंच उरली नाहीत म्हणून वरचा भारही उतरवावा लागतो. फुलं, कळ्या आणि जवळजवळ सगळी पानं काढायची, फांद्या निम्म्या करायच्या. निघालेल्या फांद्यांमधून निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-तीन निवडून वेगळ्या लावाव्यात. गड्डा गेलाच तर रंग हातचा जात नाही. फांदीपासून वाढवलेल्या झाडाला बीच्या झाडासारखा गोल गड्डा सहसा धरत नाही, एवढी तडजोड करावी लागते. कलमी झाड असेल तर कलमाची रेघ आधी शोधून ठेवायची. तिच्याखाली फुटणारे कोंब मूळ खोडाचे असतात, ते खुडावेत.

जखमेचा चीक धुऊन ती टिपून घ्यायची. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेली पावडर कृषी दुकानात मिळते. ती चार थेंब पाण्यात गंधासारखी दाट कालवून सगळ्या जखमेवर लावायची. पुष्कळ जण हळद लावतात. फांदीच्या छोट्या कापाला हळद चालते, पण इतक्या खोल जखमेला ती पुरेल यावर माझा विश्वास नाही.

यानंतर वाळवण. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, जुलैच्या दमट हवेत दहा-बारा लागतात. झाड सावलीत, वर्तमानपत्रावर, जखम वरच्या बाजूला करून आडवं ठेवायचं आणि खोलीतला पंखा मंद चालू ठेवायचा. उन्हात ठेवू नये, वरचा पापुद्रा पटकन वाळतो आणि आतला ओलावा कोंडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखम नीट बघावी. कुठे ओलसर तपकिरी ठिपका परत उमटला असेल तर तिथून पुन्हा कापायचं आणि दिवस पहिल्यापासून मोजायचे. माझ्या झाडाला चौथ्या दिवशी दुसरा काप घ्यावा लागला. जखम खाकऱ्यासारखी कडक झाली, नख रुतत नाही, म्हणजे झालं. तोवर गड्डा सुरकुततो, हलका होतो. त्याने घाबरून पाणी शिंपडू नये.

लावायचं मिश्रण मी डब्याने मोजते: चार डबे जाड रेती, तीन डबे विटेचे तुकडे, एक डबा कोकोपीट, एक मूठ कोळशाचा चुरा. खत नाही, ते मुळं धरल्यावर. विटेचे तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे हवेत, आणि पूड चाळून काढलेली हवी. बांधकामावरून आणलेल्या रेतीत गाळ फार असतो. ती बादलीत तीन-चार वेळा, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. हे टाळलं तर दोन महिन्यांत सगळं मिश्रण सिमेंटसारखं बसतं. परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून वरून लिटरभर पाणी ओतावं, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत ते वर साचून राहता कामा नये.

कुंडी मातीची, आणि गड्ड्याच्या भोवती दोनच बोटं जागा उरेल एवढी. वाचवलेल्या झाडाला ‘आता मोकळी जागा देऊ’ म्हणून मोठी कुंडी देणं ही नेहमीची चूक. जिथे मूळ पोचत नाही ती माती ओलीच राहते. जखमेखाली दोन सेंटिमीटर नुसती जाड रेती घालायची, गड्डा त्यावर टेकवायचा आणि सुतळीने कुंडीला बांधायचा, कारण धरून ठेवायला मुळं नाहीत. पहिले आठ दिवस पाणी नाही. मग कडेकडेने अर्धा कप, आणि मिश्रण पूर्ण वाळल्यावरच पुढचा अर्धा.

दोन-तीन आठवड्यांत शेंड्यावर हिरवे ठिपके दिसतात आणि झाड जगलं असं वाटतं. ते खरं नसतं. पानं साठवलेल्या अन्नावरही फुटतात. मुळं आल्याची खूण वेगळी: झाड हलकेच ओढलं तर ते मातीला धरून असल्यासारखं वाटतं, आणि पाणी दिल्यावर दोन दिवसांत गड्ड्याच्या सुरकुत्या भरतात. मला ही खूण सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळाली. तोवर कुंडी पत्र्याखाली, सकाळचं दोन तास ऊन मिळेल अशी ठेवली होती.

कोजागिरीनंतर पाणी कमी करत न्यायचं. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि झाड पानं गाळून झोपतं. ही पानगळ आजार नाही. दुपारी छान ऊन पडतं म्हणून आपल्याला वाटतं की झाडाला तहान लागली असेल, पण मुळं थंड रात्रीच्या हिशेबाने चालतात. मी वीस दिवसांतून एकदा, सकाळी दहानंतर, एक कप पाणी देते. पूर्ण बोडकं झालं की तेही नाही. कुंडी दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवायची आणि थंडीची लाट आली की रात्री घरात घ्यायची. खरी भीती मावठ्याची. बोडक्या, झोपलेल्या झाडावर पडलेला एक दिवसाचा मावठा जुलैच्या झडीइतकाच वाईट, म्हणून डिसेंबरातही वर पत्रा हवाच.

राजवाड्यावर रंगांची मिरवणूक, गेर, निघते त्या सुमाराला, म्हणजे रंगपंचमीच्या आसपास, रात्री १५ अंशांच्या वर गेलेल्या असतात आणि फांद्यांची टोकं फुगलेली दिसतात. तेव्हा कुंडी बदलायची. मिश्रण तेच, फक्त आता एक डबा गांडूळखत घालायचं. गड्डा दर वेळी दोन सेंटिमीटर वर उचलून लावला की मुळांचा आकार दिसायला लागतो. पण हा नव्याने उघडा पडलेला भाग नाजूक असतो, एप्रिलच्या पश्चिमेच्या उन्हात भाजतो आणि तो डाग कायमचा राहतो. दोन आठवडे तिथे कागद गुंडाळावा. कुंडीवर खडूने उत्तर दिशेची खूण करून जुनी बाजूच उन्हाकडे ठेवली तरी चालतं.

छाटणी याच वेळी. फुलं नव्या फांदीच्या टोकाला येतात, म्हणून प्रत्येक फांदी बेचक्यापासून दोन इंच ठेवून कापायची. एका कापाखाली दोन-तीन फुटवे निघतात आणि सहा ते आठ आठवड्यांत कळ्या लागतात. पानं बोटाएवढी झाली की १९-१९-१९ हे खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. मग कळ्यांसाठी ०-५२-३४ त्याच मापाने. युरिया अजिबात नको, त्याने फांद्या लांब, लुसलुशीत वाढतात आणि पावसात पहिल्यांदा त्याच सडतात.

‘वाळवंटातलं झाड, त्याला पाणी कशाला’ म्हणून लोक मे महिन्यात याला कोरडं ठेवतात आणि जुलैत पावसात सोडून देतात. नेमकं उलटं हवं. ४२ अंशांत, वाढीला लागलेल्या झाडाला रोज सकाळी भरपूर पाणी लागतं, खालून वाहून जाईपर्यंत. दिलं नाही तर कळ्या पिवळ्या होऊन गळतात. कळ्या गळत असतील तर पानांची खालची बाजूही बघावी, एप्रिल-मेमध्ये तिथे लाल कोळी असतो. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, चार थेंब लिक्विड सोप घालून, सूर्य मावळल्यावर फवारावं. एका रात्रीत अख्खी फांदी बोडकी झाली तर ती डोळ्यासारखे ठिपके असलेली जाड हिरवी अळी, कण्हेरीवर असते तीच. तिला हाताने उचलावी, औषधाची गरज पडत नाही.

मृग लागायच्या आत कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली हलवाव्यात. हिरवी जाळी ऊन अडवते, पाणी नाही. जागा नसेल आणि झड लागली असेल, तर मी प्लास्टिकच्या कुंड्या झाडासकट चक्क आडव्या करून ठेवते, तोंड पावसाच्या उलट दिशेला. चार-पाच दिवस त्या तशा राहिल्या तरी झाडाला चालतं, फक्त शेंडे वर वळायला लागले की कुंडी उभी करायची.