हसाजी सापडले

आत्या इस्रायलमधल्या अश्दोदला जाऊन पन्नास वर्षं होतील, पण फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाबांच्या आजोबांची कबर मिळाली का गं?"

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, हे आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेलं. अलिबागजवळच्या नवगावच्या त्या कबरस्तानात आता स्मारक आहे. तिथून पुढे आमचे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' झाले आणि आडनावाला गाव लागलं. आमचं पेणकर. जहाजापर्यंत कागद नेणार नाहीत, हे मला माहीत होतं. मला निदान पेणपर्यंत पोचायचं होतं.

घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकावर खापरपणजोबांचं नाव इंग्रजीत होतं: इझिकेल. दोन पावसाळे मी त्याच नावामागे होते. पणजोबांचं लग्न मुंबईतल्या एका मशिदीत लागलेलं (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात). तिथली नोंदवही ओल लागून फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. पणजोबा सापडले, पण बापाच्या जागी 'हसाजी'. मला वाटलं, हे कुणी दुसरेच पेणकर. वही मिटली आणि घरी आले.

चूक कळली ती एका जुन्या नावामुळे. मुंबईतली पहिली मशीद 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. त्यांनाच लोक सामाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी! रात्री दीड वाजता मी आत्याला फोन लावला.

मग पेणजवळच्या कबरस्तानात गेले. गवत कमरेएवढं. जुन्या दगडाला ॲसिड किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. नुसतं पाणी, मऊ ब्रश आणि धीर. अक्षरं दुपारी दिसत नाहीत. साडेपाचला ऊन तिरपं झालं तेव्हा एका दगडावर खालच्या ओळीत 'हसाजी' उमटलं, 'ह' चा अर्धा भाग शेवाळाखाली. वरच्या ओळी हिब्रूत. त्या मला लागेनात, म्हणून आत्याला व्हिडिओ कॉल केला.

तिने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर म्हणत गेली. "यहेज्केल. तम्मूज महिना. ताव, रेश, मेम, बेत." यहेज्केल म्हणजेच इझिकेल. आणि हिब्रूत अक्षरंच आकडे होतात: चारशे, दोनशे, चाळीस आणि दोन, मिळून सहाशे बेचाळीस, हे ज्यू साल, हजार वगळून. त्यात 1240 मिळवले की आपलं साल येतं: 1882. तम्मूज म्हणजे ऐन पावसाळा. पणजोबा तेव्हा सात वर्षांचे. आई त्यांना घेऊन मुंबईला का आली, हे घरात कुणीच कधी सांगितलं नव्हतं. दगडानं सांगितलं.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या नावाचाही एक खडा ठेव." आमच्यात कबरीवर आठवणीचा खडा ठेवतात. मी दोन ठेवले. कादिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष नव्हते, म्हणून आमची रोजची प्रार्थना, शमा, म्हटली.

आता त्या आईला शोधायचंय. ती मुंबईतच गेली असणार. त्या नोंदवहीत नवऱ्यामुलाच्या बापाचा रकाना आहे, आईचा नाही. पुढच्या रविवारपासून मुंबईतल्या कबरी एका टोकापासून वाचायला घेतेय.