समोरचा ब्रेक

काटोल रोडवर कळमेश्वरच्या अलीकडे, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, माझ्या गाडीच्या मागच्या चाकानं डांबरावर काळी रेघ ओढली. पंधरा दिवसांनी, हात गळ्यात बांधलेला असताना, मित्राच्या मागे बसून मी ती रेघ पाहायला गेलो. पावलांनी मोजली. एकोणतीस पावलं, म्हणजे बावीसेक मीटर. सुरुवातीला सरळ, मग उजवीकडे वळत गेलेली, आणि जिथं संपली तिथं कडेच्या मुरमात गाडी घासत गेल्याच्या खुणा.

त्या सकाळी डाव्या बाजूच्या हरभऱ्यातून रोही आला. विदर्भाबाहेर ज्याला नीलगाय म्हणतात तो आमचा रोही. पहाटे आणि तिन्हीसांजेला या रस्त्यांवर तो कधी आडवा येईल याचा नेम नसतो. माझा स्पीड साठ होता. पायातला ब्रेक होता नव्हता तेवढा दाबला, मागचं चाक जाम झालं आणि गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला. रोही तोवर उजवीकडच्या बाभळीत पोचलासुद्धा होता. पण माझी नजर त्याच्यावरच खिळली होती, आणि गाडीही तिकडेच निघाली. उजव्या खांद्यावर पडलो. कॉलरबोन मोडलं.

दुधाचे कॅन घेऊन निघालेला एक जण आधी थांबला. तो हेल्मेट ओढून काढणार तेवढ्यात मागून येणाऱ्या माझ्या मित्रानं त्याला अडवलं. हातापायाची बोटं हलतात का, मान दुखते का, हे विचारल्यावरच दोघांनी मिळून हळूहळू हेल्मेट काढलं. एकानं मान धरली, दुसऱ्यानं हेल्मेट. तो दूधवाला बिचारा एकच विचारत होता, "पोलिसात माझं नाव जाईल का भाऊ?" २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं. हे गावोगावी माहीत व्हायला हवं. त्या माणसाला मी नंतर भेटून आलो.

घरी आई म्हणाली, "विकून टाक नं बापा ती गाडी." तिचं चुकत नव्हतं. पण गेली सोळा वर्षं माझा रविवार गाडीवरच उजाडतो: रामटेक, खिंडसी, पेंचच्या बाजूचे रस्ते, वर्षातून एकदा चिखलदरा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे आमची सगळी फिरस्ती जुन्या रस्त्यांवरची. गावं, बैलबंड्या, कुत्री, कापसाचे ट्रॅक्टर, सगळं वाटेत येणारच. गाडी सोडायची नसेल तर मी का पडलो, ते समजून घेणं मला भाग होतं.

आमच्या ग्रुपमध्ये साठी ओलांडलेले एक काकाजी आहेत. भेटायला आले, एक्सरे पाहिला, आणि पहिला प्रश्न केला, "समोरचा ब्रेक मारला होता का?"

"नाही."

"काऊन?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. सोळाव्या वर्षी गाडी शिकवताना मोठ्या भावानं बजावलं होतं, समोरच्या ब्रेकला हात लावायचा नाही, पलटशील. त्याला त्याच्या मित्रानं तसंच सांगितलं असणार. नागपुरात निम्म्या लोकांना गाडी अशीच शिकवली जाते. माझी पल्सर २०१२ ची; पुढे जोरदार पकडणारा डिस्क ब्रेक, मागे साधा ड्रम. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं यंत्र, सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, म्हणजे माझ्या गाडीत ते काम माझ्या बोटांनी आणि पायानंच करायचं. आणि मी कंपनीनं दिलेली डिस्क सोडून ड्रमवर गाडी चालवत होतो.

काकाजींनी सांगितलेलं गणित मी पलंगावर पडल्या पडल्या वहीत करून पाहिलं. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळ्यानं पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ते सतरा मीटर गेलेच. त्यापुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर वीसेक मीटरमध्ये गाडी थांबते, नुसत्या मागच्यावर त्याला दुप्पट लागतात. कारण ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. हलकं चाक लगेच जाम होतं, आणि जाम झालेलं चाक गाडीला सरळ धरून ठेवू शकत नाही. वहीतला तो वीस मीटरचा आकडा आणि रस्त्यावरची माझी बावीस मीटरची रेघ मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

सहा आठवड्यांनी पट्टा निघाला, फिजिओथेरपी सुरू झाली. हात खांद्याच्या वर जायला लागल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात गाडी बाहेर काढली. त्याआधी हेल्मेट नवं घेतलं. जुन्याला वरून नुसता ओरखडा दिसत होता, पण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो. पुन्हा डोकं आपटलं तर तो वाचवत नाही. आयएसआयची खूण पाहिली, पट्टा आवळून ते मागून ओढून पाहिलं, निघत नाही ना. पुढच्या टायरवर चार आकडे दिसले, २२१८. म्हणजे २०१८ सालातला बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण नखानं दाबलं तर रबर दगडासारखं लागत होतं. टायर बदलला, ब्रेक ऑईल बदललं, मागचे लायनर टाकले.

शिकवणी हिंगणा एमआयडीसीत, ओळखीच्या एका गोदामाच्या पटांगणात, मालकाला विचारून. नागपूरचा मे महिना, म्हणून साडेपाचला पोचायचं आणि साडेसातला निघायचं. त्यानंतर हातमोज्यात घाम साचून पकड सुटायला लागते. काकाजी खडू आणि मेजर टेप घेऊन यायचे. नियम एकच: स्पीडोमीटरवर चाळीस, खडूची रेघ आली की ब्रेक, आणि गाडी थांबली तिथं दुसरी रेघ.

पहिल्यांदा त्यांनी मला जुन्याच सवयीनं थांबायला सांगितलं, नुसता मागचा. साडेसतरा मीटर. मग दोन्ही. बोटं लिव्हरवर गेली खरी, पण दाबतच नव्हती. साडेतेरा. खांद्यात भीती बसली होती, पुढचं चाक खाली जायला लागलं की हात आपोआप सैल पडायचा.

"घाबरून राहिला तू," काकाजी म्हणाले. "संत्रं पिळून राहिला असं समज. एकदम चिरडलं तर हातातून निसटते. आधी पकड, मग पीळ."

त्या दिवशी मी वीस-पंचवीस वेळा नुसती ती पकड शिकलो. लिव्हर अगदी थोडा ओढायचा, शॉकअप दबतो तो मनगटाला जाणवतो, आणि वजन पुढे आल्यावर मग जोर लावायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आतलं, पण त्या अर्ध्या सेकंदात टायर रस्त्यावर दाबला जातो आणि पकड धरतो. आधीच झटका दिला तर पुढचं चाक घसरतं. पुढचं जाम झालंच तर बोटं लगेच सैल सोडायची. मागचं जाम होऊन गाडी आडवी व्हायला लागली असेल तर मात्र पाय झटकन उचलायचा नाही. चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी माणसाला पलीकडे फेकते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, म्हणजे सगळा भार मनगटांवर येत नाही. माझ्या खांद्याला याचा फार आधार झाला.

नजरेचं काम सगळ्यात कठीण गेलं. काकाजी रेघेच्या पुढे पाण्याची बाटली ठेवायचे आणि म्हणायचे, बाटली पाहू नको, बाजूची मोकळी जागा पाहा. पहिल्या दिवशी चार वेळा बाटली उडवली. पाहीन तिकडेच गाडी जाते, हे रोहीनं शिकवलं होतंच, पण डोळ्यांना ते पटायला दोन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी टेपवर साडेनऊ मीटर आले. तीच गाडी, तोच स्पीड, आणि अंतर जवळजवळ निम्मं. काकाजी काही बोलले नाहीत, खडूनं रेघेशेजारी तारीख लिहिली.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सरताना पहाटे निघून रामटेकला जाऊन आलो. कन्हानच्या पुढे एक ट्रॅक्टर इशारा न देता डावीकडचा उजवीकडे वळला. माझी दोन बोटं आधीच लिव्हरवर होती. गाडी सरळ रेषेत हळू झाली, मध्ये बरीच जागा उरली. गडावर पोचल्यावर आईला फोन केला. ती नेहमीसारखं म्हणाली, हळू ये. मी येताना खरंच पन्नासच्या वर गेलो नाही. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट जागा लागते, हे आता पक्कं कळलं होतं.

हे सगळं कोरड्या जमिनीवरचं झालं. आता पाऊस सुरू होईल. शहरातले रस्ते बरेचसे सिमेंटचे, त्यावर चिखलाचा पातळ थर बसतो. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ओली झाली की टायर धरतच नाहीत. ओल्यावर किती दाबायचं, याचा अंदाज माझ्या बोटांना अजून नाही. येत्या रविवारी काकाजींनी पटांगणात टाकी भरून ठेवायला सांगितली आहे. सुरुवात वीसच्या स्पीडनं.