पिल्लाच्या गळ्यात शेव

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसातला अमळनेरच्या एका घरून फोन आला: चिमणीची दोन पिल्लं घरट्यासाठी टांगलेल्या पेटीतून खाली पडलीत, एक हालत नाही. म्हशींच्या लसीकरणाची फेरी त्याच बाजूला होती, म्हणून आधी तिथे गेलो.

घरच्या माय ओट्यावर बसून जिवंत पिल्लाच्या चोचीत कापसाच्या बोळ्याने पाणी पिळत होत्या. पहिल्यांदा ते थांबवलं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. वरून सोडलेलं पाणी सहज फुप्फुसात जातं. या पिल्लाच्या प्रत्येक श्वासाला बारीक टिकटिक ऐकू येत होतीच. चिमणीच्या पिल्लाला पाणी मिळतं ते अळ्या-किड्यांच्या ओलाव्यातून, वेगळं पाजावं लागत नाही.

पिल्लू उजेडात धरलं. डोळे उघडलेले, पंखावरच्या पिसांच्या नळ्या नुकत्या फुटू लागलेल्या, म्हणजे आठ-नऊ दिवसांचं. पिल्लं साधारण पंधराव्या दिवशी उडतात. याला अजून आठवडाभर घरट्यात राहायचं होतं. या वयात मानेची कातडी इतकी पातळ असते की गळ्यातल्या पिशवीत काय भरलंय ते बाहेरून दिसतं. नेहमी तिथे हिरवट-काळपट दिसतं. इथे पिवळंजर्द होतं. तिखट शेव. मेलेल्याचा घसा उघडला, तर आत अर्धा शेंगदाणा आडवा अडकलेला.

पेटीत आणखी दोन होती. त्यातल्या एकाचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले आणि नळीचं हाड बोटाला किंचित वाकतंय असं जाणवलं.

पेटीखालच्या परातीत सगळा उलगडा होता: भिजवलेली पोळी, शेंगदाणे, शेवेचा चुरा. "मी त्यास्ले रोज देस. मनं काय चुकनं, भाऊ?" मायनी विचारलं. मोठ्या चिमणीला दाणापाणी देण्यात काही चुकलं नव्हतं. पण दोन-तीन ग्रॅमचं पिल्लू दहा दिवसांत वीस ग्रॅमच्या पुढे जातं. ती वाढ होते किड्यांतल्या प्रथिनांवर. पोळीत पिष्ट भरपूर, चुना, म्हणजे कॅल्शियम, नाहीच म्हणावा इतका. पोट भरतं, हाड भरत नाही. मीठ तर पिल्लाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. दूधपोळीही नको, पक्ष्यांना दूध पचत नाही.

मग चिमणीने हे नेलंच का? उत्तर जास्वंदीवर होतं. पिठ्या ढेकणासाठी आठवड्यापूर्वी फवारा मारलेला, वांगी-गवारीवरही तोच. परसात अळी उरली नव्हती. चार चोची उघड्या असताना चिमणी दूर हिंडत नाही, जवळ असेल ते उचलते. शेव पेटीपासून चार हातांवर होती.

परात उचलली. पेटी मात्र जागची हलवली नाही. पिल्लं असताना जागा बदलली की आई-बाप सोडून जाऊ शकतात. पश्चिमेची भिंत, वर पत्रा, दुपारी पारा 44 अंशांवर. खाली पडण्याचं निम्मं कारण हेच, तापलेल्या पेटीत पिल्लं हवेसाठी भोकाशी रेटतात. पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून गोणपाट ताणलं, ते अकरा ते पाच ओलं ठेवायचं. पेटीच्या गुळगुळीत तळावर वाळलं गवत दाबून बसवलं, म्हणजे फाकलेल्या पायांना पकड मिळते. पडलेलं पिल्लू परत आत ठेवलं. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लू टाकते, ही समजूत निव्वळ खोटी आहे.

खायला काय? अर्धं उकडलेलं अंडं काट्याने बारीक कुस्करायचं. त्याचंच टरफल तव्यावर दहा मिनिटं कोरडं भाजून, पूड करून, चिमूटभर त्यात. सकाळ-संध्याकाळ, आणि तासाभरात उचलायचं. आपल्याकडच्या उन्हात अंडं लगेच आंबतं, मुंग्याही लागतात. मुंग्या पेटीत शिरल्या तर पिल्लं संपलीच, म्हणून ताटली पेटीखाली नको, दहा-बारा हात लांब. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, चाळताना निघणाऱ्या अळ्या उत्तम, मात्र कोठीत औषधाच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्या धान्यातलं काही देऊ नये. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे पहाटे खताचा ढीग फावड्याने उलटायचा. बाकी चिमणी करते. शेंगदाणे द्यायचेच तर पिल्लं उडाल्यावर. बुरशी आलेले कधीच नाही, तिचं विष यकृतावर जातं.

पाण्याचं मातीचं परळ दोन बोटं खोल, मध्ये खडबडीत दगड, सावलीत. रोज घासून वाळवायचं. पारवे आणि होले तिथेच पितात, त्यांच्या घशातला रोग पाण्यातून पसरतो.

टिकटिक करणारं पिल्लू संध्याकाळी गेलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अर्धा तास ओट्यावर बसलो. नर-मादीच्या मिळून सात फेऱ्या झाल्या. पाच वेळा चोचीत अळी किंवा नाकतोडा, एकदा अंडं, एकदा काय ते दिसलं नाही. वाकड्या पायाचं पिल्लू भोकाशी येऊन तोंड उघडत होतं. एक पाय अजून बाहेरच जात होता. ते उडेल का, हे मायनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. शेवेचा किलोभराचा डबा पुढे करत म्हणाल्या, "मंग हाई आते कोन खाई?"