बार्नाबस दोन तासांत मावत नाही

'डार्क शॅडोज' या जुन्या अमेरिकन मालिकेचे चाहते जमले की गप्पा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. पुन्हा चित्रपट निघालाच, तर तिच्यातला व्हँपायर, बार्नाबस, कोण करणार? मग नावं निघतात. अमक्याचे गाल बसलेले आहेत, तमक्याचा आवाज खर्जातला आहे, फलाण्याला तो लांब कोट शोभेल. मीही या गप्पांत हिरिरीने बोलते, पण माझा हेका ठरलेला आहे: आधी ज्युलिया कोण ते सांगा, बार्नाबसचं नंतर बघू.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २७ जून १९६६ रोजी एबीसी या अमेरिकन वाहिनीवर ती सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. सोमवार ते शुक्रवार, रोज अर्धा तास, तेही दिवसाढवळ्या. एकूण १,२२५ भाग. निर्माता डॅन कर्टिस. त्याच्या स्वप्नात आगगाडीतून निघालेली एक काळ्या केसांची मुलगी आली आणि त्यातून ही गोष्ट सुचली. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट नावाचं कल्पित गाव, टेकडीवरचा कॉलिनवुड वाडा, आणि त्यात राहणारं, एकमेकांपासून काहीबाही लपवणारं कॉलिन्स घराणं. पहिल्या काही महिन्यांत प्रेक्षक फारसे मिळेनात, म्हणून कर्टिसने भुताखेतांचा आधार घेतला. एप्रिल १९६७मध्ये विली लूमिस नावाचा एक भुरटा दागिन्यांच्या आशेने घराण्याच्या कबरस्थानात शिरतो. साखळदंडांनी जखडलेली एक शवपेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग तिथेच संपतो. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दारात हातात लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली काठी घेऊन एक अत्यंत नम्र गृहस्थ उभा असतो. म्हणतो, मी तुमचा इंग्लंडचा भाऊबंद, बार्नाबस कॉलिन्स.

जोनाथन फ्रिड तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. कॅनडातल्या हॅमिल्टनचा, रंगभूमीवर वाढलेला, घराघरात नाव पोहोचलेलं नाही असा नट. हे पात्र थोडे दिवस चालवून संपवून टाकायचं ठरलं होतं. पण पत्रांचा असा काही पूर आला की बार्नाबस जवळजवळ शेवटपर्यंत राहिला.

मी लग्नानंतर न्यू जर्सीला आले तेव्हा साय-फाय वाहिनीवर ही मालिका पुन्हा लागत असे. परक्या गावातल्या त्या एकट्या दिवसांत मला तिने धरून ठेवलं. चित्रीकरण जवळजवळ नाटकासारखं, सलग. एखादी चूक झाली म्हणून फीत कापून जोडणं महाग पडायचं, त्यामुळे चूक तशीच राहायची. माइक चौकटीत डोकावतो, थडगं हलतं, कुणाच्या तरी नाकावर माशी बसते. लोक याला हसतात. मला ते कधीच हसण्यासारखं वाटलं नाही. मॅनहॅटनमधल्या छोट्याशा स्टुडिओत रोज एक नवा भाग उभा करणारी ती माणसं एखाद्या जुन्या नाटक मंडळीसारखी होती. तेच नट, आज नातू, उद्या आजोबा. कथा १७९५ सालात गेली की कॉलिनवुडची आजची मालकीण असलेल्या जोन बेनेटने बार्नाबसची आई व्हायचं आणि लुई एडमंड्सने त्याचा कठोर बाप. फ्रिडला संवाद पाठ राहत नसत, त्यामुळे त्याची नजर सारखी समोरच्या टेलिप्रॉम्प्टरकडे जायची. बार्नाबसच्या डोळ्यांत जी सैरभैर भीती दिसते, ती काही अंशी तिथून आलेली आहे. कुठलाही दिग्दर्शक ती शिकवून आणू शकणार नाही.

आता ज्युलिया. डॉक्टर ज्युलिया हॉफमन १९६७च्या उन्हाळ्यात मालिकेत येते. भूमिका ग्रेसन हॉलची, जिला १९६४च्या एका चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ज्युलियाला बार्नाबसचा संशय येतो. ती पर्समधली छोटी आरशाची डबी उघडते, पावडर लावण्याच्या मिषाने मागे उभ्या असलेल्या त्याला न्याहाळते, आणि आरशात कुणीच नसतं. याला कळतं की हिला कळलं आहे. रात्री तो तिच्या खोलीत येतो, पलंगाशी जातो, गळा आवळायला वाकतो, तर पांघरुणाखाली नुसत्या उशा. ज्युलिया त्याच खोलीत अंधारात त्याची वाट बघत बसलेली असते. पळत नाही, किंचाळत नाही. मी तुला बरा करू शकेन, असं सांगते. तो व्हँपायर आहे, दोनशे वर्षांचा, खुनी. आणि ही त्याच्याशी दवाखान्यात आलेल्या रुग्णाशी बोलावं तसं बोलते.

तिथून पुढे जे सुरू होतं, त्यासाठी मी ही मालिका पुन्हा पुन्हा पाहते. तो तिचा तिरस्कार करतो. तिला मारून टाकायचे बेत करतो. ती त्याच्या प्रेमात पडते, त्याला तोंडाने सांगत नाही, आणि त्याने दुसरीवर जीव टाकलेला बघत इंजेक्शनं देत राहते. महिने जातात. हळूहळू तो तिला विचारल्याशिवाय काही करेनासा होतो. वर्षभराने ती दोघं एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. १८४० सालच्या कथेत तर ती त्याची बहीण म्हणून वावरते, आणि कुणालाही ते खोटं वाटत नाही. हे नातं कुठल्या एका मोठ्या प्रसंगाने घडलेलं नाही. दिवाणखान्यात उभ्याने केलेल्या असंख्य बोलण्यांतून ते घडलं.

आई माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा रोज माझ्याबरोबर बसायची. इंग्रजी तिला कळत नव्हतं. बार्नाबसला ती 'काठीवाला' म्हणायची. सांगलीला परत गेल्यावर फोनवर पहिली चौकशी नातवाची आणि दुसरी, "अगं, त्या काठीवाल्याला त्या बाईचं औषध लागू पडलं का गं?" बार्नाबस धडकी भरवतो की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. त्या बाईच्या कष्टाचं चीज होतं का, एवढंच तिला हवं होतं.

आणि चित्रपटांनी या ज्युलियाचं काय केलं? पहिला चित्रपट 'हाउस ऑफ डार्क शॅडोज', १९७० सालचा, खुद्द कर्टिसचा. मालिका चालू असतानाच काढलेला. फ्रिडला चित्रीकरणासाठी मोकळं करायचं म्हणून मालिकेत बार्नाबसला पुन्हा शवपेटीत कोंडून ठेवलं होतं. चित्रपटात ज्युलिया मत्सराने त्याला भलतंच इंजेक्शन देते, तो क्षणात म्हातारा होतो आणि तिचा गळा दाबून तिला मारतो. ज्युलिया असलेला दुसरा टिम बर्टनचा, २०१२चा. त्यात ज्युलिया अमर व्हायच्या लोभाने त्याचं रक्त स्वतःला टोचून घेते, आणि तो तिला मारून समुद्रात फेकून देतो. बेचाळीस वर्षांचं अंतर, दिग्दर्शक निराळे, पैसा निराळा. पण दोघांनीही ज्युलियाला बार्नाबसच्याच हातून मारलं. मला हा योगायोग वाटत नाही. दोन तासांत राक्षस दाखवता येतो, प्रेमिक दाखवता येतो. शत्रूची सावकाश मैत्रीण होणारी चाळिशीतली डॉक्टर त्या वेळात बसत नाही, म्हणून तिला आधी वाटेतून दूर करतात.

बर्टनच्या वेळची ती पाच वर्षं मला चांगली आठवतात. कर्टिस २००६मध्ये गेला. २००७मध्ये बातमी आली की वॉर्नर ब्रदर्सने हक्क घेतले आहेत आणि लहानपणापासून बार्नाबस व्हायची इच्छा असलेला जॉनी डेप ही भूमिका करणार. त्याआधीचे दोन प्रयत्न फसले होते. १९९१मध्ये बेन क्रॉसला घेऊन केलेली नवी मालिका बारा भागांत बंद पडली, आणि २००४चा नमुना भाग कुणी स्वीकारलाच नाही. त्यामुळे चाहते या बातमीवर तुटून पडले. बार्नाबसला शाप देणारी अँजेलिक कोण, वाड्यावर शिकवायला येणारी व्हिक्टोरिया कोण, त्याच्या प्रेयसीची, जोझेटची, ती संगीतपेटी वाजणार का, जुन्या नटांना बोलावणार का. अभिनेत्री मिशेल फायफर स्वतः मालिकेची भक्त, तिने बर्टनला फोन करून काम मागितलं, हे कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता काम योग्य हातांत आहे. मग मार्च २०१२मध्ये जाहिरातीची झलक आली. सत्तरच्या दशकातली गाणी, विनोद, १९७२च्या जगात गोंधळलेला बार्नाबस. कितीतरी जणांनी त्या दिवशी आशा सोडली.

मी सोडली नाही, पहिल्याच आठवड्यात गेले. सुरुवातीची काही मिनिटं, अठराव्या शतकातली, अँजेलिकचा शाप आणि कड्यावरून स्वतःला झोकून देणारी जोझेट, हीच माझी मालिका होती. पुढचा चित्रपट मात्र बार्नाबसच्या अडचणींवर हसण्यासाठी काढला होता. फ्रिड, लारा पार्कर, डेव्हिड सेल्बी आणि कॅथरीन ली स्कॉट हे मूळ मालिकेतले चौघं मेजवानीला आलेले पाहुणे म्हणून काही सेकंद दिसतात. चित्रपट ११ मे रोजी लागला. फ्रिड त्याआधीच, एप्रिलमध्ये गेला होता. त्याला दारातून आत येताना पाहिलं आणि मला पुढचा थोडा वेळ पडद्यावर काय चाललंय ते समजलं नाही.

माझी शेजारीण वयाने माझ्याहून मोठी, १९६९मध्ये शाळा सुटली की धावत घर गाठणाऱ्या पिढीतली. तिचा जीव क्वेंटिन कॉलिन्सवर. डेव्हिड सेल्बीने केलेला हा क्वेंटिन १८९७च्या कथेतला, शापाने लांडगा होणारा. 'क्वेंटिन्स थीम'ची तबकडी तिने अजून जपली आहे. ती धून त्या वर्षी अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेली होती. तिचं म्हणणं, चित्रपट काढायचा तर १८९७चाच काढा, बार्नाबसला सुट्टी द्या. आम्ही दोघी 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' जिथे चित्रित झाला तो टॅरीटाउनचा लिंडहर्स्ट वाडा बघायला गेलो होतो. हडसनच्या काठावरची ती दगडी गॉथिक वास्तू १८३८ची, अलेक्झांडर जॅक्सन डेव्हिसने आखलेली. उंच निमुळत्या खिडक्यांतून आत येणारा उजेड इतका थोडा की भरदुपारी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून चालावं लागतं. तिथेही आमचा वाद चालूच होता.

मला विचाराल तर दोन तासांत नीट मावेल अशी गोष्ट मालिकेत एकच आहे: १७९५ची. त्यात बार्नाबस आधी माणूस आहे. आपल्या हातून काय होतंय हे कळल्यावर तो बापाला, जोशुआला, चांदीच्या गोळ्यांनी आपल्याला संपवून टाकायची विनवणी करतो. आयुष्यभर मुलाशी धड न बोललेल्या त्या ताठ म्हाताऱ्याला ते जमत नाही. तो शवपेटीला साखळदंड घालायला लावतो आणि गावाला सांगतो, मुलगा इंग्लंडला गेला. १९६७मध्ये दारात उभा राहिलेला तो 'इंग्लंडचा भाऊबंद' बापाच्या या खोट्यातून जन्मलेला आहे. लुई एडमंड्सने तो प्रसंग ज्या कोरड्या आवाजात केला आहे, त्यापुढे मला कुठलीही संगणकीय करामत फिकी वाटते. पेटीला कुलूप लागलं की चित्रपट संपवावा. नट रंगभूमीवरचा, अनोळखी घ्यावा, जसा फ्रिड होता. ओळखीचा चेहरा आला की लोक त्या नटाला बघायला येतात, आणि बार्नाबस नुसता त्याचा पोशाख उरतो.

या कथेत ज्युलिया नाही, हे मला माहीत आहे, आणि ते मला चालेल. तिला मारण्यापेक्षा तिला हातच न लावलेला बरा. तिच्यासाठी चित्रपट नको, पुन्हा एक लांब मालिका हवी, आठवड्याला एक भाग असला तरी चालेल. पण त्या पलंगावरच्या उशांपासून ते बहीण-भावापर्यंत पोहोचायला पुरेसे भाग हवेत.

आणि उद्या शेजारणीच्या मनासारखा १८९७चा चित्रपट निघालाच, तर तिच्याबरोबर मी जाणार आहे. त्या कथेतलं मॅग्डा हे पात्र ग्रेसन हॉलनेच केलं होतं, आणि मालिकेत ज्युलिया बार्नाबसला शोधत शोधत त्या काळातही येऊन पोहोचते. माझी अट एकच आहे: ती आली, तर शेवटच्या दृश्यापर्यंत जिवंत राहिली पाहिजे. शेजारणीने ती मान्य केली आहे.